झडतीत न सापडलेली गोष्ट

खिसे रिकामे करा. मोबाइल, चाव्या, पाकीट, सगळं इथे टेबलावर. चष्मा असू द्या, तो तेव्हाही होता. मनगटावरचं घड्याळ मात्र काढा. आणि पाकिटाच्या चोरकप्प्यात ॲमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी दडवली आहे, ती दिसली मला. आपण जिथे चाललोय तिथे तिचा जन्म व्हायला पाऊण शतक बाकी आहे. ठेवा.

नियम साधा आहे. १८९७ सालानंतर निघालेली कुठलीही वस्तू पलीकडे जात नाही. पण झडती कितीही कडक असली तरी एक गोष्ट काढून घेता येत नाही आणि खरं तर तीच पाहायला आपण निघालोय. तुमचं रक्त. लहानपणी मांडीत टोचलेल्या त्रिगुणी लशीने, शाळकरी वयातल्या तापांनी, मध्यंतरी छातीत बसलेल्या त्या चिवट खोकल्याने तुमच्या रक्तात प्रतिपिंडं तयार करून ठेवली आहेत. प्रतिपिंडं म्हणजे अतिसूक्ष्म प्रथिनं. प्रत्येक जातीची ओळख एकाच जंतूशी, दुसऱ्याकडे ती ढुंकून बघत नाहीत. वजनात भरत नाहीत, वास येत नाही. थोडक्यात, तुम्ही चोरटा माल घेऊन चालला आहात. चेहरा साधा ठेवा आणि चला.

आधी गारठा जाणवतो, मग धूर. फेब्रुवारीतली पहाट, मोखाड्याजवळचा एक पाडा. तुम्ही शेणाने सारवलेल्या जमिनीवर आडवे आहात. पाठ गारठून गेली आहे आणि तोंड भाजतंय, कारण झोपडीच्या मधोमध विस्तव आहे आणि घरातली सगळी माणसं त्याच्याकडे पाय करून झोपली आहेत. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा. खिडकी नाही. धुराने बाहेर पडायचं ते पेंढ्यातून, फटीफटीतून, त्याची मर्जी झाली की. आडव्या बांबूच्या पलीकडे बैल उभे आहेत. त्यांच्या मुताचा उग्र वास, ओल्या घोंगडीचा वास, रात्रीच्या सुकटीचा वास. वर माळ्यावर भाताची कणगी आणि तिच्याभोवती उंदरांची खुडबुड. मुंबईत या दिवसांत असा आवाज बंद झाला की माणसं घर सोडून पळतात. इथे अजून त्याच्याकडे कुणी कान देत नाही.

उठून ताठ उभं राहू नका. धूर खांद्याच्या वर साठतो, डोकं थेट त्यात जाईल. गेलं ना? खोका आता. घरातली म्हातारी बसल्या बसल्या सरकते आणि तुमच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण देते. नागलीची आंबील. आंबटसर, कोमट, दाताखाली किंचित कचकच. सावकाश प्या. दुपारपर्यंत पोटात हेच आहे.

बाहेर उजाडतंय. पलीकडच्या उतारावर कुणीतरी राब भाजतंय, पालापाचोळा आणि शेण जळल्याचा वास दरीभर पसरलाय. पळस फुललाय. खालच्या पाड्यावर बोहाड्याची सोंगं रंगवायला काढली आहेत आणि पोरं तिकडे धावताहेत. तुम्हालाही जावंसं वाटतं. पण घरातून एक आवाज येतो आणि तुम्ही थांबता.

बारीक कण्हणं. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक.

आईच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी आहे. नाकपुड्या फुलताहेत. श्वास आत घेतला की बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय. ओठांचा रंग जांभळाच्या अलीकडे आलाय. खाली देशावर याला डबा म्हणतात. इथली म्हातारी त्याचं नाव घेत नाही. तिची सात बाळंतपणं झाली, तिघं उरली, आणि गेलेल्या चौघांतल्या दोघांची छाती अशीच उडत होती एवढंच ती बोटांनी सांगते.

घड्याळ काढून घेतलंय, तरी श्वास मोजता येतील. बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवा. तुमचे बहात्तर ठोके म्हणजे एक मिनिट धरा (घाबरल्यामुळे नव्वद पडत असतील, तेवढी वजाबाकी करा). आता मुलीचं पोट बघत मोजा. अडुसष्ट. तुमच्या काळात या वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासवर गेला की आशाताई चिठ्ठी लिहून दवाखान्यात धाडते, आणि छाती आत ओढली जात असेल तर चिठ्ठीचीही वाट बघत नाही. इथे चिठ्ठी कुणाच्या नावे लिहायची?

भगत येतो. मांडी घालून बसतो, सुपात चिमूटभर तांदूळ टाकतो, दाणे सरकवत राहतो. हिरव्या देवाचं काही राहिलंय का, वाघोबाला बोललेला नवस फेडला का, हे तो दाण्यांना विचारतो. तुमच्या ओठांवर हसू येऊ पाहतंय, ते आवरा. याच आठवड्यात लंडनच्या मोठ्या डॉक्टरांपाशी न्यूमोनियासाठी जवसाचं गरम पोटीस आहे, चमचाभर ब्रँडी आहे आणि गंभीर चेहरा आहे. जंतू सापडून सोळा वर्षं झाली, पण तो मारायचं औषध जगात कुणापाशीच नाही. भगत निदान रात्रभर उशाशी बसतो. फी म्हणून नारळ आणि कोंबडी घेतो, तीही मूल वाचलं तर.

आता तुमच्या मनात येतंय ते मला कळतंय. या मुलीच्या फुप्फुसात बहुधा न्यूमोकॉकस माजलाय, आणि त्या जंतूच्या निदान काही जातींना ओळखणारी प्रतिपिंडं तुमच्या रक्तात आत्ता फिरताहेत. चार थेंब देता आले असते तर! देता येत नाहीत. माणसांच्या रक्ताचे गट असतात हे कळायला अजून चार वर्षं आहेत. तुम्ही सगळ्यात श्रीमंत आहात या पाड्यावर आणि तुमची दमडी इथे चालत नाही.

ती मुलगी नऊ महिने पोटात असताना मात्र तिला कुणीतरी दिलं होतं. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तर भराभर. जन्मानंतर पहिल्या दिवसांच्या घट्ट पिवळ्या चिकातून आणखी एक जात मिळते, ती घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देते. म्हणजे या आईने आयुष्यभर जे जे खोकले काढले, त्यांची कमाई फुकटात लेकीला मिळाली. पण ती उसनी. चार-सहा महिन्यांत संपते. आणि मुलीचं स्वतःचं शरीर या जंतूविरुद्ध धड प्रतिपिंडं करायला शिकतं ते दोन वर्षांची झाल्यावर. आईचं संपलंय, स्वतःचं आलेलं नाही, अशा फटीत ती आठव्या महिन्यात सापडली आहे. त्यातून हा धूर, ही थंडी, आणि आईचं दूध पावसाळ्यातल्या उपासमारीने आटलेलं.

दोन वर्षं का लागतात, ते अंगणात चला, दाखवतो. मुलीची काकू ओढ्यातून आणलेली वाम साफ करते आहे. धरून बघा तुम्ही. सुटली. पुन्हा धरा. पुन्हा सुटली, आणि पोरं हसली. काकू काही न बोलता चुलीतली मूठभर राख हाताला फासते आणि वाम एका फटक्यात दगडावर आडवी करते. न्यूमोकॉकसभोवती साखरेच्या साखळ्यांचं असंच बुळबुळीत आवरण असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात आणि तो निसटतो. प्रतिपिंडं त्या आवरणाला चिकटली की पेशींना पकड मिळते. राखेचं काम एवढंच, मारायचं काम हाताचं. तान्ह्या मुलाच्या शरीराला साखर ही ओळख ठेवण्याजोगी गोष्ट आहे हेच उमगत नाही, म्हणून त्याच्यापाशी राख नसते.

मुलीचा काका कुडाला टेकून बिडी ओढतोय. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यालाही असंच झालं होतं. सात दिवस ताप, गंजासारखी थुंकी, बरळणं. सातव्या रात्री अंगाला असा घाम फुटला की घोंगडी पिळली, आणि सकाळी त्याने पेज मागितली. घरच्यांनी बकरा दिला. डॉक्टरही त्या काळी असा सातवा दिवस मोजत बसायचे. त्याच्या शरीराने तेवढ्या दिवसांत राख तयार केली होती. ज्यांना आठ दिवस लागले असते ते सहाव्या दिवशी गेले.

हा काका आज कसाऱ्याला निघालाय, लाकूड-कोळशाच्या गाड्यांबरोबर. तुम्ही त्याच्यामागून चला. मुलीचं काय होतं ते बघायला थांबायचंय? पाड्यावरच्या कुणालाच थांबता येत नाही. आईसुद्धा दुपारी तिला झोळीत टाकून मोळी आणायला जाणार आहे.

खोडाळ्यापर्यंत पाय बोलायला लागतात. गाडीच्या चाकांनी उडवलेली तांबूस धूळ दातांत बसते. उतरणीला बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवानाच्या शिव्या, सागाच्या वाळल्या पानांचा चुरचुर आवाज. वैतरणेचं पात्र आत्ता गुडघाभर आहे. ओंजळीने पाणी प्या, गार आणि गोड आहे. पुढे हेच पाणी अडवून मुंबईला नेतील आणि मोखाड्याच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर उतरतील, पण त्या भांडणात आत्ता पडायला नको. विहीगावाशी रात्र काढा. दुसऱ्या दिवशी कसाऱ्याच्या घाटातून इंजिनाची शीळ ऐकू येते आणि काका कानावर हात ठेवतो.

मुंबईकडे जाणारी गाडी रिकामी आहे. असं चित्र तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. लाकडी बाकावर पाय पसरा. कल्याणला समोरून येणारी गाडी मात्र फुटायला आलीय. डब्यांच्या खिडक्यांतून गाठोडी, पाळणे, पितळी हंडे, पिंजऱ्यातला पोपट. सगळ्यांना फलाटावर उतरवलंय, रांगा लावल्यात, आणि डॉक्टर एकेकाच्या काखेत नि जांघेत बोटं दाबून गाठ शोधताहेत. धक्काबुक्की, रडारड, कुणाचं तरी लुगडं फेडून झटकताहेत म्हणून तिचा नवरा ओरडतोय. तुमच्या डब्यातला एकुलता एक सोबती, गिरणीतला जॉबर, खिडकी लावून घेतो. 'गाठीचा ताप,' तो म्हणतो, आणि पुढे भायखळ्यापर्यंत तोंड उघडत नाही.

भायखळ्याला उतरल्यावर नाक धरू नका, सवय करा. चुन्याचा वास, कार्बोलिकचा वास, जळत्या गंधकाचा वास, आणि या तिघांनाही न जुमानणारा मेलेल्या उंदरांचा वास. गल्ल्यांतून समुद्राचं खारं पाणी सोडलंय, चप्पल चिकटते. ऊन आत यावं म्हणून चाळींची कौलं उतरवली आहेत. आतला पिवळट उजेड पाहून असं वाटतं की घरांना उघड्यावर कपडे काढायला लावलंय. दारादारांवर लाल गोल आहेत, एका मृत्यूला एक गोल. मोजायला सुरुवात केलीत? थांबा, पुढच्या दारावर नऊ आहेत. घोड्यांची ट्राम निम्मी रिकामी, घंटा वाजवत जाते. तिच्या घोड्यांकडे नीट बघून ठेवा, घोडा या गोष्टीत परत येणार आहे.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत आणि तिच्या बाहेरच्या बोळात, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी घेऊन, ओडेसाचा एक सडपातळ, कमी बोलणारा माणूस काम करतोय. वाल्डेमार हाफकिन. आत शिरलात की आधी खाटकाकडचा वास येतो आणि लगेच मागोमाग दिवाळीच्या स्वयंपाकघराचा. बकऱ्याच्या मांसाचा पाण्यासारखा रस काचेच्या चंबूंत भरलाय आणि वर साजूक तुपाचे थेंब तरंगताहेत. तुपाच्या त्या चकत्यांना प्लेगचे जंतू खालून चिकटतात आणि वाढत वाढत रसात पांढरे झुबके सोडतात. चंबू हलवला की झुबके तुटून तळाशी बसतात, वर नवे धरतात. आठवड्यांमागून आठवडे असं पीक काढायचं, मग तासभर तापवून सगळे जंतू मारायचे, वरून कार्बोलिक घालायचं. गाईचं नको आणि डुकराचंही नको म्हणून बकरा. रशियातून पॅरिसमार्गे आलेल्या माणसाला तुपाचा हा उपयोग सुचावा आणि तूप खाऊन वाढलेल्या आपल्याला नाही, याची मला अजून गंमत वाटते.

१० जानेवारीला त्याने तो रस स्वतःला टोचून घेतला आणि तापाने फणफणत काम करत राहिला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी टोचून घेतलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यातले सहा जण पुढच्या काही दिवसांत गेले. टोचलेल्यांत, आधीच लागण झालेले सोडले तर, कुणी गेलं नाही.

बाही वर करा. हो, तुम्हालाच सांगतोय. काचेची जाड पिचकारी, सुईही जाड. दंडात आधी गार वाटतं आणि मग कुणीतरी विस्तवाचं कोलीत आत फिरवल्यासारखं. संध्याकाळी हात वर होत नाही. रात्री हुडहुडी भरते, दात वाजतात, धर्मशाळेतल्या चटईवर तुम्ही मला शिव्या देता. देत राहा. तुमच्या शरीरात आत्ता कारखाना सुरू झालाय. मेलेला जंतू बघून तो त्याची ओळख तयार करतोय, पण माल बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतील.

आणि शेजारच्या चटईवर जो खोकतोय त्याला आठ-दहा दिवस नाहीत.

त्याच्या काखेत गाठ नाही, जांघेत नाही. कल्याणच्या डॉक्टरने बोटांनी दाबून त्याला सहज पुढे सोडलं असतं. कालपर्यंत तो हमाली करत होता. आज खोकल्याबरोबर पातळ, फेसाळ, गुलाबी थुंकी येते आहे, आणि श्वास त्या मोखाड्याच्या मुलीसारखा. हा प्लेगच आहे, फक्त गाठीत न जाता थेट फुप्फुसात उतरलेला. तो असाही असतो हे याच मुंबईत, याच आठवड्यांत कळतंय. जे. जे.मधले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. चाइल्ड यांनी न्यूमोनिया म्हणून नोंदलेल्या मृतांची फुप्फुसं तपासली, तर आत प्लेगचे जंतू खच्चून भरलेले. गाठीवाला निदान काही वेळा वाचतो. हा दोन-तीन दिवसांत जातो, आणि खोकता खोकता उशाशी बसलेल्याला घेऊन जातो. त्याच्यापासून दूर सरका. नाही, अजून दूर. धर्मशाळेतल्या बाकीच्यांनी केव्हाच गाठोडी उचलली आहेत. हाफकिनच्या लशीचा गाठीच्या प्लेगला चांगला उपयोग झाला, या खोकल्यासमोर ती फारशी टिकली नाही. फुप्फुसाच्या आतल्या ओलसर पृष्ठभागावर पुरेशी प्रतिपिंडं वेळेत पोचवणं हे कठीणच काम आहे, आजही आहे.

कॅलेंडरचं पान उलटा. मार्च. उकाडा वाढलाय, सदरा पाठीला चिकटलाय. बंदरावर एक फ्रेंच डॉक्टर उतरलाय, अलेक्झांडर यर्सिन. तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगला याच रोगाचा जंतू पहिल्यांदा ओळखणाऱ्यांतला हा. त्याच्या खोक्यांत कुप्या आहेत आणि कुप्यांत फिकट पिवळं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं पाणी.

ते घोड्याच्या रक्तातून आलंय. आठ-दहा दिवस थांबायला वेळ नसलेल्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी तयार केलेली प्रतिपिंडंच टोचली तर? बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी १८९०मध्ये घटसर्प आणि धनुर्वाताच्या विषांवर हे दाखवून दिलं होतं. घोडा मोठा, रक्त भरपूर, स्वभाव सहनशील. त्याला आधी थोडे जंतू टोचायचे. ताप येतो, चारा सोडतो, उभ्या उभ्या थरथरतो. बरा झाला की आणखी टोचायचे. असे महिने जातात आणि शेवटी त्याचं रक्त प्रतिपिंडांनी गच्च भरतं. मग मानेच्या मोठ्या शिरेतून ते काढायचं, गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, कुपीत. मोखाड्याच्या आईने वारेतून जे दिलं तेच, फक्त इथे आई घोडी आहे.

चला, वॉर्डात. कापडी पडद्यांच्या रांगा, फिनेलने पुसलेली ओली फरशी, माश्या, 'पाणी, पाणी' असा एकसुरी गलका. डॉक्टर रोग्याच्या पोटाच्या कडेला कातडी चिमटीत धरतात आणि भलीमोठी पिचकारी रिकामी करतात. तिथे लिंबाएवढा फुगवटा येतो. नातेवाईक दाराशी उभे आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलंय की हे घोड्याचं रक्त आहे. एक म्हातारा विचारतो, 'मग धर्माचं काय?' आणि दुसरा त्याला गप्प करतो. तुम्ही रोग्याच्या चेहऱ्याकडे बघत बसता. कुणाचा ताप उतरतो, कुणाचा नाही. बहुतेकांना इथे आणेपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडलेला असतो, कारण हॉस्पिटलच्या भीतीने घरच्यांनी त्यांना पिंपात, माळ्यावर, कपाटात लपवलेलं असतं. आणि उसनी प्रतिपिंडं जंतू थोडे असतानाच कामाची. काही कुप्यांत दमही कमी होता. जे वाचले त्यांच्यातल्या काहींना दहाव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, सांधे धरले, कारण शरीराने आता घोड्याविरुद्धच प्रतिपिंडं केली. यर्सिन निराश होऊन परत गेला. त्याच्या जागी सिमों नावाचा दुसरा फ्रेंच माणूस आला, ज्याने पुढच्या वर्षी उंदरावरच्या पिसवेला पकडलं. ती निराळी गंमत आहे, कधीतरी पुन्हा जाऊ.

आता थोडं पळावं लागेल, हात धरा.

परळ. सरकारी बंगल्यात हाफकिनची प्रयोगशाळा आली आहे, पुढे तिला त्याचंच नाव मिळतं. तुम्ही तबेल्याच्या वासातून धावताय. इथले घोडे आता सापाच्या विषाची टोचणी घेतात. अमेरिकेत तीसच्या दशकात न्यूमोनियाच्या रोग्याची थुंकी तपासून, जंतूची जात ओळखून, त्या त्या जातीचं सीरम देणं रूढ झालं आणि ते लागूही पडायचं. मोखाड्याला ते कधी आलं नाही. मग सल्फाच्या गोळ्या आल्या, पेनिसिलिन आलं, आणि घोड्याला या कामातून सुट्टी मिळाली.

जव्हारचं पतंगशहा रुग्णालय. एका रात्री शेतातून आणलेला पोरगा खाटेवर आहे, पायाला घोणस चावलीय. सिस्टर कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून सलाईनमधून सोडते आहे. हात लावून बघा, गार आहे. घोड्याची प्रतिपिंडं. यर्सिनची युक्ती फुप्फुसासाठी म्हणून या डोंगरात कधीच चढली नाही. ती आली सापाचा माग काढत, आणि आली ती इथेच राहिली.

पुणे. पूनावाला घराण्याचा शर्यतीच्या घोड्यांचा धंदा. थकलेले घोडे परळला सीरमसाठी जायचे. ते काम आपणच का करू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्याच संस्थेने पुढे न्यूमोकॉकसच्या दहा जातींवरची लस बनवली. जंतूच्या आवरणातली ती साखर घ्यायची आणि घटसर्पाच्या विषाची नांगी मोडून केलेल्या प्रथिनाला पक्की जोडायची. तान्ह्या मुलाचं शरीर साखरेकडे दुर्लक्ष करतं, पण प्रथिन दिसलं की खडबडून जागं होतं आणि त्याला चिकटून आलेल्या साखरेचीही ओळख करून घेतं. राख आता दोन वर्षांनी नाही, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मिळते. २०२१च्या जुलैत महाराष्ट्राच्या नेहमीच्या लसीकरणात न्यूमोकॉकसची लस आली, फुकट. त्याआधी अशी लस होती ती खासगी दवाखान्यात, एकेका डोसाला हजारो रुपये मोजून. वांद्र्याच्या बाळाला ती अनेक वर्षं आधी मिळत होती, आणि मोखाड्याच्या बाळाला गरज जास्त होती.

थांबा. श्वास घ्या. पोचलो.

मोखाडा तालुक्यातला एक पाडा, लसीकरणाचा दिवस, अंगणवाडीची खोली. पत्र्यावर ऊन तापलंय, आत पंखा आहे पण लाईट गेली आहे. खिचडी शिजल्याचा वास, ओल्या लंगोटांचा वास, स्पिरिटचा वास. वीस-पंचवीस बाया, तेवढीच बाळं, त्यातली निम्मी आधीच रडताहेत कारण उरलेली निम्मी रडताहेत. कोपऱ्यात निळा लशीचा डबा, बर्फाच्या पिशव्यांसकट, सकाळी आशाताईच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आलेला. एक म्हातारी दाराशी कुरकुरते आहे की सुई दिली की ताप येतो, मग रात्रभर कोण जागणार. तुमचा दंड आपोआप दुखायला लागतो. आजी खरं बोलतेय.

'दीड महिना झाला का?' सिस्टर विचारतात.

'परवा झाला,' आई म्हणते.

डाव्या मांडीत पाच रोगांची एकत्र लस. तिच्यात डांग्या खोकल्याची आहे, आणि छातीत शिरणाऱ्या हिब जंतूचीही. उजव्या मांडीत न्यूमोकॉकसची. बाळ एक क्षण विचारात पडतं, मग छप्पर डोक्यावर घेतं. हिची पुढची बाळ साडेतीन महिन्यांचं झालं की, शेवटची नऊ महिन्यांचं झालं की. कार्डावर पेनाने तारखा पडतात. 'अर्धा तास इथेच बसायचं, घरी जायचं नाही. ताप आला तर हे औषध. सुईच्या जागी काही लावायचं नाही, हळद नाही, चुना नाही, काही नाही. आणि दूध पाजत राहायचं, कळलं?' सिस्टर एका दमात म्हणतात, हजाराव्यांदा. चूल अजून घरातच आहे, धूरही आहे, पावसाळ्यात पोटाला कमी पडतंच. त्याचा इलाज या डब्यात नाही.

तुम्ही भिंतीला टेकून त्या मुलीचा श्वास मोजताय. सवय लागली तुम्हाला. रडतेय, त्यामुळे आकडा चुकणार.

'तुम्ही कोण?' सिस्टर तुमच्याकडे वळतात. 'बाळाचे कोण लागता?'

तुम्ही तोंड उघडता.

'कुणी नाही ना? मग दारातून सरका. उजेड अडतोय, मागे रांग आहे.'